दगडावरचा जाहीर आकडा

नागपूरहून भंडाऱ्याकडे आणि पुढे लाखनी-साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड दिसतात. पिवळा रंग राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. पुढचे गाव किती लांब आहे हे प्रवाशाला कळावे म्हणून हे दगड उभारले, असे आपण सहज धरून चालतो. रस्त्याच्या इतिहासात मात्र अंतराचा आकडा प्रवाशापेक्षा हिशेब ठेवणाऱ्याला अधिक हवा होता. प्रवाशाला तो आयता वाचायला मिळाला.

पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्याचे काम कोसावर भागत असे. कोसाची लांबी प्रांतागणिक बदलायची, पण त्याने कुणाचे अडत नव्हते. चिखल किती, चढ किती, बैल दमले आहेत का, यावरून पोहोचण्याची वेळ ठरे. पावसाळ्यात वैनगंगा दुथडी भरून वाहू लागली की पलीकडचे गाव डोळ्यांसमोर असूनही लांबच राहायचे. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावल्याचे आणि विहिरी खोदल्याचे आपल्या स्तंभलेखात नोंदवले आहे. वाटसरूला काय हवे असते, हे त्याने नेमके ओळखले होते. त्याला सावली हवी, पाणी हवे. मोगल काळात उत्तरेतील राजमार्गांवर कोसमिनार उभे राहिले, तेव्हा त्यांचा खरा उपयोग बादशाही डाकेला आणि फौजेच्या मजलींना होता.

अंतराला पैशाची जोड इंग्लंडमध्ये पक्की बसली. तिथे १६६३ साली संसदेने एका रस्त्यावर वाहनांकडून पथकर घेण्याचा पहिला कायदा केला. पुढच्या शतकात असे रस्ते सांभाळणारी विश्वस्त मंडळे देशभर झाली. नाक्यावर पैसे घ्यायचे आणि त्यातून रस्ता दुरुस्त ठेवायचा, असा हा व्यवहार होता. १७६७ पासून या रस्त्यांवर मैलाचे दगड सक्तीचे झाले. प्रवाशांना त्यांचा उपयोग होताच. पण घोडागाड्यांचे वेळापत्रक पाळणे आणि सरायांत बदलून घेतलेल्या घोड्यांचे भाडे मैलावर आकारणे हेही त्यांच्यामुळेच जमले. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात नाक्यांच्या जाचाला कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून रात्री नाके फोडले. त्यांचा राग नाक्यांवर होता; मैल मोजणाऱ्या दगडांवर नव्हता.

मैल मोजण्याची ही पद्धत भंडाऱ्यात इंग्रजी राज्याबरोबर आली. १८५४ साली नागपूरचे भोसले संस्थान खालसा झाले आणि त्यात भंडाराही गेला. योगायोग असा, की त्याच वर्षी हिंदुस्थानात टपालाला देशभर एकच दर लागू झाला. तोवर पत्राचे पैसे अंतरावर ठरत. म्हणजे इथे मैल मोजले जाऊ लागले, तेव्हा पत्र मैलाच्या हिशेबातून सुटलेही होते. रस्ता मात्र सुटला नव्हता. सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या रस्त्यांवर आणि पुलांवर पथकर घेण्याचा अधिकार सरकारने १८५१ च्या कायद्यानेच घेतला होता. पुढे नागपूरहून भंडारा, साकोलीवरून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड मध्य प्रांताचा मोठा मार्ग ठरला. नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर दूरदूरच्या शहरांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत, ती याच मोजणीच्या जमान्यातली.

इथे दगडाचा सर्वांत नियमित वाचक होता बांधकाम खाते. खड्डा कुठे पडला, मोरी कुठे खचली, खडी किती टाकली, या सगळ्याचा पत्ता मैलावरून लागे. रस्त्याची निगा राखणाऱ्या मजुराला मैलकुली म्हणत. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे आली आणि मैल जाऊन किलोमीटर आले, तरी मैलकुली हे नाव टिकले. आजही दोन किलोमीटरच्या दगडांमध्ये दर दोनशे मीटरला २, ४, ६, ८ आकड्यांचे छोटे दगड असतात. प्रवासी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते अभियंत्यासाठी आहेत.

असे असले तरी या दगडाने एक गोष्ट नकळत साधली. सरकारचा, ठेकेदाराचा हिशेब ज्या आकड्यावर चाले, तो उघड्यावर आला आणि कुणालाही वाचता येऊ लागला. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने ठरते. तिकिटावरचे टप्पे आणि रस्त्याकडेचे दगड यांचा मेळ घालायला लाखनीच्या बाजाराला निघालेल्या बाईला कुणाची परवानगी लागत नाही. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले आणि या रस्त्याचा सहा क्रमांक जाऊन त्रेपन्न आला. फलक बदलले, पण भंडारा ते साकोली हे अंतर सर्वांसाठी एकच राहिले.

आता मोजणी पुन्हा नजरेआड चालली आहे. फास्टॅगमधून पैसे आपोआप कापले जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये पथकराचे नियम बदलून उपग्रहाच्या साहाय्याने प्रत्यक्ष कापलेल्या अंतरावर आकारणी करण्याची तरतूद झाली. विचार म्हणून हे न्याय्यच आहे. पाच किलोमीटर जाणाऱ्याने अख्ख्या पट्ट्याचे पैसे का द्यावेत? पण ज्या अंतराचे पैसे द्यायचे ते यंत्राने मोजायचे, यंत्रानेच नोंदवायचे आणि आपल्याला फक्त कापलेली रक्कम कळायची, असे झाले तर आकडा पुन्हा घेणाऱ्याच्याच खिशात जाईल.

म्हणून किलोमीटरच्या दगडाला जुन्या जमान्याची आठवण म्हणून जपण्यात अर्थ नाही. जपायचा तो त्याच्यामुळे पडलेला पायंडा. मोजणी उपग्रह करो की आणखी कुणी, कापलेल्या रकमेबरोबर कुठून कुठवर आणि किती अंतर धरले हे देणाऱ्याला समजेल अशा मराठीत कळले पाहिजे. ते चुकीचे वाटले तर तपासून पाहण्याची सोय त्याच्या हाती असली पाहिजे. पैसे घेणाऱ्याचे माप देणाऱ्याला पडताळता येणे, ही रस्त्यावरच्या न्यायाची किमान अट आहे.