माझ्या नावाने दिलेली फाशी

फाशी सुनावल्याची बातमी वाचली की मला बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, कारण चारचौघांत विषय निघाला की मी फाशीच्या विरोधात बोलते, तेही मुद्देसूद. पण एखाद्या कोवळ्या मुलीचे हाल करून तिला मारल्याचं कळलं की पोटातून पहिला शब्द येतो तो ‘लटकवा’ हाच. तोंडाने एक आणि पोटातून दुसरं, असं हे बरीच वर्षं चाललं आहे. त्यातलं खरं कोणतं, ते एकदा स्वतःलाच विचारायला हवं होतं.

त्या बरं वाटण्यात गेलेल्या मुलीबद्दलचं दुःख फार थोडं असतं. महिन्याभरात मी तिचं गावही विसरते. जास्त असतो तो प्रकरण एकदाचं मिटल्याचा सुस्कारा. दोषी सापडला, शिक्षा झाली, आता मला त्यावर विचार करायला नको. माझी मागणी न्यायाची असते की या सुस्काऱ्याची, असा प्रश्न मला पडला तो नाशिकच्या एका खटल्यामुळे.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातली पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. पुढे भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले, सगळे मोलमजुरी करणारे. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. प्रत्यक्ष पाहणारी आई साक्षीदार, तीन पायऱ्यांची न्यायालयं, आणि दोष कुठल्याच पायरीवर पुसला गेलेला नाही. याहून पक्कं काय असतं? त्या वेळी कोणी मला विचारलं असतं, तर ‘यात शंकेला जागाच नाही’ असं मी म्हटलं असतं.

५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेनंतर लगेचच त्या आईला पोलिसांच्या दप्तरातले गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते आणि तिने त्यातल्या चौघांवर बोट ठेवलं होतं. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांच्या दिशेने तपास गेलाच नाही आणि तिचा तो जबाबही खटल्यात झाकून ठेवला गेला. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, म्हणजे त्याला कायद्याने फाशी देताच येत नव्हती. गंभीर गुन्ह्यात कधी कधी निरपराध माणसं गोवली जातात आणि ही माणसं गरीब, भटक्या जमातीतली, तेव्हा तशी शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने लिहिलं. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले.

२००९ ते २०१९ या दहा वर्षांत कधीतरी त्यांना फाशी झाली असती, तर मी ती बातमी सकाळच्या चहाबरोबर वाचली असती आणि मला बरं वाटलं असतं. पुढे आयुष्यभर काहीच कळलं नसतं. मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच, की सहा निरपराध माणसं माझ्या नावाने मेली असती आणि माझ्या झोपेत जराही फरक पडला नसता.

आणि ती आई? फाशीच्या बाजूने बोलणारे मला नेहमी विचारतात, ‘तुला मेलेल्यांचं काहीच नाही का?’ या खटल्यात तो प्रश्न उलटा त्यांनाच लागू पडतो. सहा जणांना फाशी सुनावली म्हणून सगळे निर्धास्त राहिले, आणि तिने दाखवलेले चौघे कोण होते, याची चौकशी करायची गरज कोणाला वाटली नाही. २०१९ च्या निकालानंतर त्या पाच खुनांसाठी एकही दोषी उरला नाही.

आता जरा अवघड जागी येते. आरोपी आमच्या सोसायटीतला असता, इंजिनिअर झालेला, माझ्यासारखं आडनाव असलेला, तर माझ्या पोटातून ‘लटकवा’ आलं असतं का? मला वाटतं मी म्हटलं असतं, ‘थांबा, नीट चौकशी होऊ द्या, चांगल्या घरचा मुलगा आहे.’ पालावरच्या माणसासाठी ते ‘थांबा’ माझ्या तोंडून आपोआप निघत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले. हा आकडा काही फक्त न्यायालयांतून तयार होत नाही.

जातीचंही तेच. २००६ मध्ये खैरलांजीत दलित कुटुंबाचं हत्याकांड झालं, २०१६ मध्ये कोपर्डीत मराठा मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. दोन्ही वेळा महाराष्ट्र रस्त्यावर उतरला आणि दोन्ही वेळा फाशीची मागणी झाली. पण मोर्च्यातली माणसं तीच होती का? खैरलांजीच्या सहा जणांची फाशी २०१० मध्ये उच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली, तेव्हा चिडलेले आणि कोपर्डीच्या निकालाची वाट पाहणारे, यांची यादी एकच निघेल का? नाही निघणार, हे मराठी माणसाला सांगायला नको. आपलं रक्त कोणासाठी उसळतं हे जन्माने आधीच ठरून गेलेलं असेल, तर त्या उसळीच्या भरवशावर माणूस मारायचा कसा?

न्यायमूर्ती तरी यातून सुटतात का? १९८० च्या बच्चन सिंग निकालाने ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी द्या, गुन्ह्याबरोबर गुन्हेगार माणूसही पाहा, असं बजावलं होतं. तरी १९९५ मध्ये राजस्थानातल्या एका खटल्यात ‘गुन्हाच पाहायचा’ असं म्हणून फाशी कायम केली गेली आणि १९९६ मध्ये ती अमलातही आली. नाशिकच्या २००९ च्या निकालाला याच खटल्याचा आधार होता. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १३ मे २००९ ला, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं की राजस्थानचा तो निकाल बच्चन सिंग डावलून दिला गेला होता. ज्याला सांगायला हवं होतं, तो तेरा वर्षांपूर्वीच फासावर गेला होता.

इथपर्यंत माझी बाजू सोपी आहे. निरपराध माणूस मेला तर काय, हा प्रश्न कोणीही विचारेल. पण जिथे शंकाच नाही, तिथे काय? जोशी-अभ्यंकर खून खटल्याबद्दल बोलताना पुण्यातली जुनी माणसं आजही आवाज खाली आणतात. १९७६-७७ मध्ये कॉलेजातल्या पोरांनी दहा खून केले, सुरुवात स्वतःच्या वर्गमित्रापासून. संध्याकाळनंतर शहर दारं लावून घेत असे. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. ती चुकीची होती असं माझं मन म्हणत नाही. कितीही ओढून पाहिलं तरी म्हणत नाही. हां, त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला आणि फासातून वाचला, म्हणजे तिथेही तराजू सरळ नव्हता. पण हा वकिली मुद्दा झाला. मन त्याने हलत नाही.

मग मी कोणत्या तोंडाने विरोध करते? तत्त्व म्हणून नाही, हे आता कबूल आहे. कोणाचाच जीव घेऊ नये असं म्हणण्याइतकी मी मोठी नाही. माझा विरोध हिशोबाचा आहे. फक्त जोशी-अभ्यंकर खटल्यातल्या आरोपींसाठी उघडणारा आणि नाशिकच्या मजुरांसाठी बंद राहणारा फाशीचा दरवाजा कोणालाही बांधता आलेला नाही. दोन्हीकडे पोलीस, साक्षी, वकील, न्यायालयं तीच, आणि बाहेर ओरडणारी मीही तीच.

या हिशोबाची किंमत मला माझ्या खिशातून द्यावी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना ती मोजावी लागते. त्यांच्या दारात उभं राहून मी इतकंच म्हणू शकेन, की जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा समज खरा नाही. कायद्याने ती मरेपर्यंतची शिक्षा आहे, आणि सवलत न देता ती भोगायला लावण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २००८ पासून वरच्या न्यायालयांना मोकळी केली आहे. त्यांनी दार आपटलं तर मला राग यायचं कारण नाही.

तरीही कायद्यातून फाशी काढावी असंच माझं मत आहे. आणि ते देताना येरवड्यातले ते चौघे मी अपवाद म्हणून बाजूला काढत नाही. त्यांनाही तुरुंगात म्हातारं होऊ द्यायला हवं होतं.