दूर पाहा

बंगळुरूच्या लालबागेत केंपेगौडांचा बुरूज असलेला एक अतिप्राचीन खडक आहे. पहाटे माणसं त्यावर चढतात आणि दूर पाहतात. झाडांचे शेंडे, त्यापलीकडे शहर. यातली कितीतरी माणसं नंतर दिवसभर पडद्यासमोर बसतात.

जवळचं पाहताना डोळ्यातला एक लहानसा स्नायू आवळलेला राहतो. दूर पाहिलं की तो सैलावतो. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. म्हणून अधूनमधून दूर पाहा. पापण्या सावकाश मिटा, उघडा. यानं चष्म्याचा नंबर जात नाही, हेही सांगायला हवं. पण शीण उतरतो.

जो निमूट राबतो, त्याच्या विश्रांतीची आठवण आपल्याला उशिरा येते. डोळ्यांचं तसंच, घरातल्या माणसांचंही तसंच. तक्रार येण्याआधी विचारपूस करावी.

मुलांना रोज उघड्यावर खेळू द्या. वाढत्या डोळ्यांना दिवसाचा उजेड हवा. आज कामातून मान वर करा, दूर पाहा. आणि त्रास थांबला नाही, तर नेत्रतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. याच शहरात मिंटो नेत्र रुग्णालय शतकाहून अधिक काळ उभं आहे.