लाबानाचा हिशेब आणि मुकादमाची वही

शास्त्रपाठ : उत्पत्ति ३१:१–१६, ३६–४२, लूक ३:१२–१३



दसरा-दिवाळी होऊन गेली म्हणजे बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना व परभणी ह्या जिल्ह्यांतील कित्येक गावे अर्धी रिकामी होतात. भांडीकुंडी, कोयते व लेकरेबाळे घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारणपणे मार्च-एप्रिलपर्यंत, माघारी येत नाहीत. ह्या लोकांच्या कष्टांविषयी पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. आज आम्ही त्यांतील एकाच गोष्टीचा विचार करू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे मजुरीचा दर. धनी व मजूर ह्यांच्यामध्ये जो मनुष्य उभा असतो, त्याच्याशी दराविषयी बोलताना गरिबाची जी कुचंबणा होते, तिच्याविषयी देवाचे वचन काय शिकविते, हे आपण पाहू.

ही रीत ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. कारखाना मजुरांशी स्वतः बोलत नाही. पैसा वाहतूकदाराच्या किंवा मुकादमाच्या हातून येतो. पावसाळ्यात, जेव्हा घरात दाणा नसतो व हातास काम नसते, तेव्हा मुकादम उचल वाटतो. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो व त्या कोयत्यावर उचल मिळते. पुढे फडात जितके टन ऊस तोडला जाईल, तितक्या टनांची मजुरी उचलीत वळती होते. हंगामाअखेर उचल फिटली तर बरे. न फिटली तर बाकी पुढल्या वर्षावर चढते आणि तो कोयता त्याच मुकादमाकडे बांधलेला राहतो. मुकादमास त्याच्या श्रमांबद्दल तोडणीच्या बिलावर शेकडा ठरलेले कमिशन कारखान्याकडून वेगळे मिळते. ते मजुराच्या मजुरीतून कापावयाचे नसते, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

आता दर तर जाहीर असतो. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व ऊसतोड मजुरांच्या संघटना ह्यांच्यामध्ये बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, आणि मुकादमांच्या कमिशनातही एका टक्क्याची वाढ झाली. वर्तमानपत्रांत ते सर्वांनी वाचले. मग अडचण कोठे आहे? अडचण ही की, जाहीर झालेला दर आणि हाती पडणारा दर ह्यांच्यामध्ये एक वही असते व ती वही एकट्या मनुष्याच्या हाती असते. ऊस कारखान्याच्या काट्यावर तोलला जातो. परंतु वजनाची चिठ्ठी कोणाच्या खिशात जाते? मागल्या बाकीवर किती चढले? आजारपणाच्या दिवसाचा खाडा किती धरला? विचारावे तर उत्तर मिळते, "आधी काम करा, हिशेब पट्टा पडल्यावर पाहू." पट्टा पडतो तेव्हा बिऱ्हाड गाडीत चढलेले असते, लेकरे गावाकडे जाण्यास उतावीळ झालेली असतात, आणि वहीत जो आकडा निघेल तोच मुकाट्याने मानावा लागतो. समजा, एक कोयता दिवसास दोन टन ऊस तोडतो आणि टनामागे दहाच रुपये वाटेत नाहीसे होतात. दीडशे दिवसांत ते तीन हजार रुपये होतात. दहा रुपये कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत. तीन हजारांत मात्र एका लेकराचे वर्षाचे कपडे व वह्यापुस्तके येतात.

शास्त्रात हा अनुभव नवा नाही. याकोब परदेशात आला तेव्हा त्याच्या मामाने, लाबानाने, त्यास मिठी मारून घरात घेतले. वेतन काय घेशील, असे लाबानानेच गोड शब्दांनी विचारले. याकोबाने सात वर्षे चाकरी केली आणि राहेलीच्या ऐवजी त्याच्या पदरी लेआ घातली गेली. पुन्हा सात वर्षे चाकरी करावी लागली. पुढे ठिपकेदार व करडी जनावरे हे वेतन ठरले, तर त्याच दिवशी लाबानाने तशी जनावरे कळपातून काढून आपल्या मुलांच्या हवाली केली व तीन दिवसांच्या वाटेवर दूर पाठविली. वीस वर्षांच्या चाकरीत त्याने दहा वेळा वेतन बदलले, असे याकोब सांगतो. इतकेच नव्हे, तर श्वापदाने फाडलेल्या व चोरीस गेलेल्या जनावरांची भरपाई तो याकोबापासूनच घेत असे. आजच्या खाड्याचे व तुटीचे मूळ रूप हेच नव्हे काय? आणि लक्षात घ्या, लाबान परका नव्हता. तो रक्ताचा होता. आपला मुकादमही बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच नात्यातला असतो. म्हणूनच त्यास आकडा विचारण्याची भीड पडते. नात्याच्या भिडेआड जो दर लपतो, तो परक्याच्या लबाडीहून अधिक काळ लपून राहतो.

हे केवळ उसाच्या फडातच घडते असे कोणी समजू नये. १९८२ साली दिल्लीस आशियाई खेळ भरले. त्यांच्यासाठी क्रीडांगणे व इमारती बांधण्याचे काम ठेकेदारांस दिले होते आणि ठेकेदारांनी राजस्थान, उत्तर प्रदेश व ओडिशा येथून जमादारांच्या मार्फत मजूर आणविले. कायद्याने ठरलेली किमान मजुरी दिवसास ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदार तितकी रक्कम जमादाराच्या हाती देत आणि जमादार दर माणशी दररोज एक रुपया आपले कमिशन म्हणून कापून उरलेले ८ रुपये २५ पैसे मजुरास देत असे. हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. त्याच वर्षी न्यायालयाने असा निर्णय दिला की, किमान मजुरीहून कमी देऊन काम करून घेणे ही वेठबिगारच होय आणि ती संविधानाच्या २३व्या कलमाने निषिद्ध आहे; पोटाची निकड हीदेखील एक प्रकारची बळजबरीच आहे. केवढा हा निर्णय! एका रुपयाची ती गोष्ट होती. परंतु तो रुपया कोणाच्या घामाचा, हे न्यायासनाने ओळखले.

आता नव्या कराराकडे वळू. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले व आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. त्या काळी जकात गोळा करण्याचे काम मक्त्याने दिले जात असे. सरकारास ठरलेले भरून वर जे काढता येईल तो मक्तेदाराचा नफा. योहानाने त्यांस हा धंदा सोडून अरण्यात या, असे सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच त्याने त्यांस सांगितले. ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मध्ये उभे राहून काम करणे हे पाप नव्हे. ठरल्याहून अधिक घेणे, आणि ते घेतले हे कळू नये म्हणून आकडा झाकून ठेवणे, हे पाप होय.

मुकादमावर आम्ही अन्याय करू इच्छित नाही. टोळी जमविणे, भांडणे मिटविणे, रात्री-अपरात्री आजाऱ्यास दवाखान्यात नेणे, ही कामे तोच करितो. पुष्कळ मुकादम स्वतः कोयता धरून वर आलेले आहेत. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून आणलेल्या पैशांस तो जामीन असतो. दोन ठिकाणी उचल घेऊन एखादा कोयता नाहीसा झाला, तर त्याचीच जमीन गहाण पडते. म्हणून मजुरांसही आम्ही प्रेमाने सांगतो की, एका हाताने उचल घेऊन दुसऱ्या दारी जाणे हेही लाबानाचेच काम आहे. ज्यास उघडा हिशेब पाहिजे, त्याचा स्वतःचा शब्दही उघडा व खरा असला पाहिजे.

परंतु मुकादम बंधूंनो, मत्तयाच्या २०व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याकडे पाहा. तो दिवसातून पाच वेळा स्वतः बाजारात गेला. पहिल्या मजुरांशी त्याने दिवसाचा दर काम सुरू होण्याच्या आधी ठरविला. संध्याकाळ होताच त्याने कारभाऱ्याकरवी सर्वांस मजुरी देवविली, आणि तीही अशी की प्रत्येकाने दुसऱ्याचे वेतन डोळ्यांनी पाहिले. शेवटी आलेल्यांस आधी गुपचूप देऊन वाटेस लाविले असते, तर कोणी कुरकुर केली नसती. धन्याने कुरकुर सोसली, पण झाकाझाक केली नाही. त्याचा कारभारी धन्याने सांगितले तेवढेच पुरते देतो. आपल्यासाठी मधल्या मध्ये काही ठेवीत नाही. मध्ये उभ्या असणाऱ्या प्रत्येक मनुष्याने असा कारभारी व्हावे. आणि आजवर जे अधिक घेतले गेले असेल त्याचे काय करावे, हे यरीहोच्या जक्कयाने दाखवून दिले आहे. तारण त्याच्या घरी आले, तेव्हा त्याची तिजोरीही उघडली.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, उचल घेण्याच्या आधी दर विचारा. उचल हाती पडल्यावर जीभ जड होते. टनाचा दर काय, खाड्याचा दर काय, मागली बाकी किती, हे तिन्ही आकडे बोलून घ्या व कागदावर लिहून घ्या. याकोब व लाबान ह्यांनी गलेद येथे साक्षीसाठी दगडांची रास रचली, पण ती वीस वर्षांनंतर, भांडण झाल्यावर. आपली साक्षीची रास आरंभीच रचावी. मंडळीचे दोन वडील त्या कागदावर साक्षीदार असावेत.

दुसरी गोष्ट, आपली वही आपण ठेवा. गाडी काट्यावर गेली की तारीख व वजन लिहावे. टोळीत शाळा शिकलेली एखादी मुलगी असतेच, तिच्याकडून लिहून घ्यावे. दर पंधरवड्यास दोन्ही वह्या शेजारी ठेवून मोठ्याने वाचाव्यात. प्रामाणिक मुकादमास ह्याचा राग येणार नाही. उलट त्याचे नाव निर्मळ राहील.

तिसरी गोष्ट, हिशेबास बायकोस बसवा. अर्धा कोयता ती आहे. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी तीच. परंतु उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर आणि दर कधी ठरला हे तिला ठाऊकही नसते. याकोबाने लाबानाचे घर सोडण्याआधी राहेल व लेआ ह्यांस रानात बोलावून सारा हिशेब सांगितला, आणि आपल्या बापाने आपलेच मोल खाऊन टाकले हे त्या दोघींनी स्पष्ट बोलून दाखविले. ज्या घरी स्त्रीस आकडा कळतो, त्या घरी लाबानाचे फार चालत नाही.

चौथी गोष्ट, कायद्याचा आधार घेण्यास भिऊ नका. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याप्रमाणे, दिलेल्या आगाऊ पैशांच्या मोबदल्यात कोणास बांधून ठेवून सक्तीने राबविणे व दुसरीकडे कामास जाण्याची मोकळीक हिरावून घेणे हा अपराध आहे, आणि असे कर्ज वसूल करता येत नाही. त्याविषयी जिल्हाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पौलानेही आपले रोमी नागरिकत्व वेळप्रसंगी बोलून दाखविले. त्यात अविश्वास नव्हता.

पाचवी गोष्ट मंडळीने करावयाची आहे. लाबानाचे बळ कशात होते? याकोबास जाण्यास दुसरे घर नव्हते, ह्यात. श्रावणात ज्याच्या घरी चूल पेटत नाही, तो दर विचारू शकत नाही. मिळेल त्या आकड्यास तो मान हलवितो. म्हणून प्रत्येक मंडळीने सुगीत मूठमूठ धान्य व थोडा थोडा पैसा बाजूस ठेवावा, आणि भगिनीमंडळाने बचत गट नेटाने चालवावा. म्हणजे आषाढ-श्रावणात एखाद्या कुटुंबास दोन महिने तरी धीर धरता येईल. दोन महिन्यांच्या धान्याने कोणी श्रीमंत होत नाही, परंतु त्याची मान ताठ राहते, आणि ताठ मानेने विचारलेल्या दराचे उत्तर निराळे येते.

प्रिय जनहो, याकोब प्रेषित सांगतो की, अडकवून ठेवलेली मजुरी मुकी नसते. तिची हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. फडातील पाचटावर जो घाम गळतो, त्याचे वजन त्याच्या काट्यावर होत आहे, आणि त्या काट्याची चिठ्ठी कोणास लपविता येत नाही. ज्याने लाबानाचे दहा पालट पाहिले व याकोबास रिकाम्या हातांनी जाऊ दिले नाही, तो देव ह्या हंगामी आपल्या प्रत्येक टोळीबरोबर असो, मजुरांस सत्य विचारण्याचे धैर्य देवो, आणि मुकादमांस सत्य सांगण्याचे. आमेन.