सक्तीची विश्रांती

अमेरिकेतील मिनेसोटा आणि इंडियाना या दोन राज्यांत रविवारी दारूची बाटली दुकानातून विकत आणता येते. मोटार मात्र आणता येत नाही. मद्यविक्रीवरील रविवारची बंदी मिनेसोटाने २०१७ साली आणि इंडियानाने २०१८ साली उठविली, परंतु मोटारविक्रीवरील बंदी दोन्हीकडे तशीच राहिली, आणि इलिनॉय, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया इत्यादी राज्यांतही ती अंमलात आहे. ज्या धर्मभावनेच्या पोटी हे निर्बंध जन्मास आले, ती मद्याच्या दुकानावरून उठून मोटारीच्या पेढीवर तेवढी ठाण मांडून बसली, हे वरकरणी हास्यास्पद वाटेल. पण त्यात एक पुरातन प्रश्न दडलेला आहे. विश्रांती ही ज्याची त्याने घ्यावयाची, की सर्वांनी मिळून पाळावयाची? आणि सर्वांनी पाळावयाची असेल, तर तिचा वार ठरविण्याचा अधिकार राजसत्तेला पोहोचतो काय?

यहुदी धर्मशास्त्रातील शब्बाथची आज्ञा घरच्या यजमानापुरती नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि आश्रयास आलेला परका या सर्वांना ती त्या दिवशी कामातून मोकळे करते. स्वतःच्या वेळेवर ज्याची मालकी नाही, त्याच्यासाठी धन्याचा हात धरणे हेच तिचे मर्म होय. पुढे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३२१ साली न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांनी सूर्याच्या वारी काम तहकूब ठेवावे असे फर्मान काढले, तेव्हा शेतकऱ्याला मात्र त्यातून मुभा दिली. धर्माज्ञा सरकारदरबारी आली, आणि तिच्या पाठोपाठ अपवादही आले.

अपवादांचे हे रान किती माजते, याचा पुरावा मेरीलँड राज्यातील एका खटल्यात सापडतो. तेथे रविवारी तंबाखू, दूध, पाव, पेट्रोल विकण्यास हरकत नव्हती. परंतु एका मोठ्या दुकानातील नोकरांनी कागद लावण्याची वही, फरशीचे मेण, स्टेपलर आणि खेळण्यातली पाणबुडी विकली म्हणून त्यांना दंड झाला. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दंड कायम केला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचे म्हणणे असे, की या कायद्यांचा उगम धार्मिक असला तरी आज त्यांचा हेतू लोकांना एक सामायिक विश्रांतिदिन मिळवून देणे हा ऐहिक आहे. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या सनातनी यहुदी व्यापाऱ्यांचीही फिर्याद निकालात निघाली. ते शनिवारी धर्मासाठी आणि रविवारी कायद्यासाठी दुकान बंद ठेवीत. दोन दिवसांचा हा तोटा न्यायालयाने अप्रत्यक्ष ठरविला, आणि त्यांना दाद मिळाली नाही. ज्याचा देव बहुसंख्यांच्या वारी विसावत नाही, त्याने विश्रांतीची किंमत दोनदा मोजावी, असा याचा उघड अर्थ होतो.

तथापि मोटारीच्या पेढीवर जे घडते ते वॉरन यांच्या बाजूने साक्ष देते. या बंदीचे पाठीराखे आज मुख्यत्वे विक्रेतेच आहेत, पाद्री नव्हेत. मोटार विकणाऱ्या नोकराचे वेतन बहुतांशी विक्रीवरील दलालीवर अवलंबून असते; पेढी उघडी असताना तो घरी राहिला, तर गिऱ्हाईक शेजारच्या टेबलाकडे जाते, आणि सारी पेढीच बंद राहिली तर रस्त्यापलीकडच्या पेढीकडे जाते. म्हणून प्रतिस्पर्धीही थांबला, तरच त्याची विश्रांती खरी. गिऱ्हाइकालाही यात एक आडवळणी लाभ आहे: रविवारी कुलूपबंद पेढीच्या आवारात मंडळी सहकुटुंब हिंडतात, १९५८ च्या कायद्याने नव्या मोटारीच्या काचेवर लावणे भाग असलेला किमतीचा कागद सावकाश वाचतात, आणि मागे लागणारा कोणी नसल्यामुळे निवांतपणे विचार करतात. अर्थात या कनवाळूपणात मालकाचा स्वार्थही आहे. एका दिवसाचा खर्च वाचतो आणि गिऱ्हाईक मात्र सोमवारी येतेच.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या प्रश्नाला परका नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० च्या जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. राज्यकर्त्यांचा तो प्रार्थनेचा वार असला तरी मराठी कष्टकऱ्याच्या लेखी तो खंडोबाचाही वार होता, त्यामुळे येथे धर्माची तेढ पडली नाही. उलट महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षभर उघडे ठेवण्यास मोकळीक दिली आणि प्रत्येक कामगाराला पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी राखून ठेवली. ठरावीक पगारावर काम करणाऱ्याच्या देहाला ही व्यवस्था पुरेशी आहे. पण बाप मंगळवारी मोकळा आणि आई गुरुवारी, अशा घराला सुट्टी मिळते, सहवास मिळत नाही.

मग न्याय्य मार्ग कोणता? टेक्सास राज्याने १९८५ साली रविवारचे सर्वसाधारण निर्बंध रद्दबातल केले, पण मोटारविक्रेत्यांना शनिवार-रविवारपैकी कोणताही एक दिवस बंद पाळण्याचे बंधन ठेवले; दिवस कोणता, हे ज्याने त्याने ठरवावे. शुक्रवार पवित्र मानणाऱ्या मुसलमानाला ही मुभा अपुरी पडते, आणि सर्वांचा एकच दिवस असण्यातले सुखही तीत काहीसे हरपते, हे मान्य केले पाहिजे. तरीही तिच्यामागील तत्त्व निर्दोष आहे. लोभाला आठवड्यातून एकदा थांबविणे हे राजसत्तेचे कर्तव्य होय, कारण एकट्यादुकट्याच्या संयमाला बाजारात टिकाव लागत नाही. परंतु त्या थांबण्याचा वार कोणत्या देवाचा असावा, हे सांगण्याचा तिला अधिकार नाही. कायद्याने दुकानाला कुलूप घालावे. प्रार्थना कोणत्या दिवशी करावी, हे माणसावर सोडावे.