धाक की शाबासकी?

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण आपण सर्वच वापरतो. शेपटाचे असो, कुत्र्याला वळण मात्र लावता येते, हा श्वानपालकांचा नित्याचा अनुभव आहे. ते वळण धाकाने लावावे की शाबासकीने, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. तो नीतीचाही आहे.

एके काळी श्वानशिक्षण म्हणजे पट्ट्याला हिसका आणि पाठीवर छडी, अशीच बहुतेकांची समजूत होती. १९४० च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मेरियन ब्रेलँड या दांपत्याने प्राण्यांना शिक्षेऐवजी खाऊ देऊन शिकविण्याचा व्यवसायच आरंभिला. पद्धत साधी आहे. कुत्रा खाली बसला की त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणावे आणि पोळीचा किंवा उकडलेल्या कोंबडीचा लहानसा तुकडा द्यावा. उशीर झाला तर बक्षीस कशाचे, हे त्याला उमगत नाही. धडा चारपाच मिनिटांचा आणि खेळासारखा असावा. सवय जडली की खाऊ अधूनमधून दिला तरी पुरतो.

आपण म्हणाल, ‘ही तर लाच झाली!’ परंतु लाच देतात ती एखाद्याला कर्तव्यापासून ढळविण्यासाठी. येथे आपल्याला काय हवे आहे, हेच त्या मुक्या जिवाला ठाऊक नाही. आपली भाषा त्याला येत नाही. ‘हेच मला हवे होते’ असे त्याला कळविणारा तो घास म्हणजे दोघांनाही समजणारा एक शब्दच होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिक्षा नसेल तर अपराधाची जाणीव कशी होणार? चप्पल कुरतडलेला कुत्रा कान पाडून, नजर चुकवून उभा राहतो, तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला असे आपण मानतो. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याच समजुतीची परीक्षा घेतली. मालक कुत्र्याला खाऊ खाण्यास मनाई करून खोलीबाहेर जाई. त्याच्यामागे कुत्र्याने तो खाल्ला की नाही, हे परतलेल्या मालकाला कधी खरे, तर कधी खोटे सांगितले जाई. आढळले ते असे की, तो ‘अपराधी’ चेहरा खाऊ खाल्ल्यामुळे नव्हे, तर मालक रागावल्यामुळे दिसत होता. निरपराध असून बोलणी खाणारे कुत्रे तर अधिकच अपराधी दिसले.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. आपण ज्याला पश्चात्ताप समजून समाधान पावतो, ते बहुधा आपल्याच क्रोधाचे प्रतिबिंब असते. न्याय केला असे आपल्याला वाटते. समोरचा जीव मात्र केवळ भ्यालेला असतो. ज्याला उलट बोलता येत नाही, त्याच्यावर अधिकार गाजविणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

शाबासकीची वाट म्हणजे लाडावणे नव्हे. रस्त्यावर पट्टा हवाच. अंगावर उडी मारणाऱ्या कुत्र्याकडे पाठ फिरवावी, चपला कपाटात ठेवाव्यात. कसोटी लागते ती मालकाची. त्याला राग आवरावा लागतो, चांगले घडण्याची वाट पाहावी लागते आणि ते घडताच दाद द्यावी लागते. छडी उगारायला यांपैकी काहीच लागत नाही.

आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला मारहाण करून यातना देणे गुन्हा ठरविले आहे. नेहमी साखळीत ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरू न देणे, हाही गुन्हाच आहे. परंतु घराच्या चार भिंतींआड कायदा क्वचितच पोहोचतो. तेथे साक्षी असते ती आपल्या विवेकाची. म्हणून हात उचलण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे : जे याने करावयास हवे होते, ते मी याला कधी शिकविले होते काय?