डाग आणि दाम

स्वस्त मिळालेली वस्तु खरोखर स्वस्त असते काय? अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या बाजारांत हा प्रश्न विशेष स्पष्टपणें पुढें येतो. अपघातानें वा पुरानें बिघडलेल्या मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किंमतीच्या ठराविक अंशाहून, कित्येक राज्यांत शेंकडा 75 हून, अधिक होऊं लागला, म्हणजे विमा कंपनी ती निकालांत काढते आणि मालकीपत्रावर ‘साल्व्हेज’ असा शिक्का बसतो. पुढें दुरुस्ती होऊन ती पुन्हा रस्त्यावर आली, तरी डाग राहतो व दाम उतरतो.

गरजू गृहस्थास यांत लाभ आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. केवळ पत्रा चेपलेली मोटार त्यास पुष्कळ वर्षें साथ देईल. परंतु सांगाड्याचा वांक किंवा पुराच्या पाण्यानें आंतून गंजणाऱ्या तारा वरच्या रंगाखालीं दिसत नाहींत. तेव्हां ‘घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावे’ हा न्याय येथें अपुरा पडतो.

खरा धोका शिक्क्यांत नसून तो पुसण्यांत आहे. 2005 च्या कतरीना वादळांत लक्षावधि मोटारी बुडाल्या. त्यांतील कित्येक परराज्यांत नेऊन निर्दोष म्हणून विकल्या गेल्या. दोष एकट्या विकणाऱ्यासच ठाऊक असला, कीं चांगल्या मालासही योग्य दाम येत नाहीं, हें जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञानें 1970 सालीं दाखविलें.

आमच्या मतें, उतरलेला दाम हें सत्य सांगितल्याचें फळ होय. तें ज्यानें चाखलें, त्यानें पुढें विकतांना तेंच सत्य सांगण्याचें ऋणही पत्करलें. शिक्का पुसल्यानें वाकलेला सांगाडा सरळ होत नाहीं. आणि त्या मोटारींत उद्यां कोणाचीं मुलेंबाळें बसतील, हें विकणाऱ्यास ठाऊक नसतें.