तुळशीची माळ आणि तुळशीचा काढा

॥ रामकृष्ण हरि ॥

भाविक सज्जनहो, गेल्या कार्तिकात तुळशीची लग्ने आटोपल्यावर बीड तालुक्यातील लिंबागणेश या गावी प्रवचन करण्याचा योग आला. बालाघाटच्या डोंगरात, मांजरसुंब्यापासून जवळच हे गाव आहे. येथील भालचंद्र गणेशाचे स्थान सर्वश्रुत आहे. कार्तिक सरत आला की या भागातील कितीतरी घरांतली कर्ती माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि गावात म्हातारीकोतारी माणसे व शाळेची पोरे मागे राहतात. त्या रात्री समोर बसलेली मंडळी बहुतेक अशीच होती.

प्रसंगाला साजेसा म्हणून मी विषय घेतला तुळशीमहिम्याचा. वाणीला जोर चढला. ‘ज्या अंगणात तुळस, त्या घरात रोगाला पाय ठेवता यायचा नाही,’ असे मी ठासून सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. आरती झाली, बुक्का लागला, मंडळी पांगली. एक आजी मात्र खांबाला टेकून तशीच बसून राहिली. मी जवळ गेलो तशी ती म्हणाली,

“महाराज, एक इचारू का? दोन सालांमागं माझा नातू गेला. दोन वर्साचं लेकरू. ल्योक-सून कारखान्याला गेल्ते. लेकराला आधी खोकला झाला, मग ताप. म्या तीन दिस तुळशीचा रस मधात चाटवला. सांच्याला वृंदावनापुढं दिवा लावला, पाया पडले. लेकराचं पोट उडत व्हतं, तरी वाटलं, तुळस हाय ना दारात. चौथ्या दिशी पहाटं लेकरू गेलं. मग सांगा, माझी भक्ती कुटं कमी पडली?”

सज्जनहो, शास्त्रार्थाला मी कधी भ्यालो नाही. पण या प्रश्नापुढे माझी मान खाली गेली. ‘माउली, उद्या सांगतो,’ एवढेच कसेबसे बोललो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गळ्यातली माळ हाताला लागे आणि वाटे, ही माळ घालताना आपण कशाची शपथ वाहिली होती? वारी चुकवणार नाही, एकादशी मोडणार नाही, मद्यमांसाला शिवणार नाही, आणि खोटे बोलणार नाही. मग तुळशीच्या लाकडाची माळ गळ्यात घालून खुद्द तुळशीविषयीच जे खरे नाही ते आपण बोललो, याला काय म्हणावे?

सकाळी स्नान करून भालचंद्राच्या दर्शनाला गेलो. देवाला दुर्वा वाहिल्या होत्या, फुले होती. तुळशीचे पान मात्र एकही नव्हते. असणार तरी कसे? भाद्रपदातील चतुर्थीचा एक दिवस सोडला तर गणपतीला तुळस वाहायची नाही, असा आपल्याकडचा प्रघात आहे. विठ्ठलाला तुळस, शंकराला बेल, गणपतीला दुर्वा. आता सांगा पाहू, गणपतीच्या मस्तकावर तुळस ठेवली नाही म्हणून लिंबागणेशच्या कोणा माणसाने तुळशीचा अपमान झाला असे कधी म्हटले आहे काय? कोणीच नाही. तुळशीचे स्थान मोठे आहे, पण तेही एक स्थान आहे. प्रत्येक जागी तीच, असे तिने स्वतः कधी मागितले नाही. देवापुढे जे आपल्याला सहज उमगते, ते दुखण्यापुढे का उमगू नये? तुळस अमुक ठिकाणी उपयोगी आणि अमुक ठिकाणी नाही, असे म्हटल्याने तिचा महिमा उणा होत नाही. उलट तिला तिच्या जागी बसवणे हीच तिची खरी पूजा.

तेव्हा आधी तिची जागा कोणती ते पाहू. आयुर्वेदात तुळशीला सुरसा असे गोड नाव आहे. सुश्रुतसंहितेत औषधींचे जे गण सांगितले आहेत, त्यांतला एक तिच्याच नावाने सुरसादि गण म्हणून ओळखला जातो. कफ, पडसे, खोकला, दमा, अरुची आणि कृमी यांवर हा गण सांगितला आहे. तुळस चवीला तिखट-कडवट आणि गुणाने उष्ण. म्हणून ती कफ-वाताला शमवते, आणि अति घेतली तर पित्त वाढवते. हिरव्या पानांची ती राम तुळस आणि सावळ्या पानांची ती कृष्ण तुळस. घरगुती उपायाला दोन्ही चालतात. उन्हाळ्यात आपण सरबतात घालतो तो सब्जा तिच्याच कुळातला, पण झाड निराळे.

आपल्या आयाबायांनी हे ज्ञान चुलीपाशी जपले. थंडीत नाक गळू लागले, घसा खवखवू लागला, की तुळशीची दहा-बारा पाने, आल्याचा तुकडा, तीन-चार मिरी, गवती चहाची एखादी पात आणि गुळाचा खडा घालून दोन पेले पाणी निम्मे होईतो आटवावे, गाळावे आणि गरम गरम प्यावे. घसा मोकळा होतो, घाम सुटतो, जिवाला हुशारी वाटते. लेकराला कोरडी ढास लागली तर पानांच्या रसाचे चार थेंब मधात चाटवतात. यात एक सांभाळावे: वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवू नये, त्यातून क्वचित असा विषार होतो की बाळाचे हातपाय लुळे पडतात. गजकर्णावर पाने चोळण्याचीही चाल आहे. पण ते पसरत चालले तर दवाखान्यात दाखवावे. हे उपाय मी सोडा म्हणत नाही. मीही घेतो.

आजच्या शास्त्रज्ञांनीही तुळस तपासून पाहिली आहे. तिच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. लवंगेला जो वास येतो तोही त्याचाच. प्रयोगशाळेतील बशीत तुळशीचा अर्क काही जंतूंची वाढ रोखतो, हे खरे. परंतु काचेची बशी वेगळी आणि लेकराची छाती वेगळी! बशीत जे घडले ते छातीत घडेलच, असे अजून कोणी दाखवून दिलेले नाही. साखरेच्या आजारातही तुळशीचा थोडा उपयोग दिसला आहे; पण म्हणून चालू गोळ्या बंद करणे म्हणजे बैल विकून कासरा जपणे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्याने आणि गरोदर बाईने तर रोजचा काढा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

आणखी एक. तुळस रात्रीसुद्धा प्राणवायू सोडते, तिच्या पानांत पारा असतो, अशी वाक्ये आपण व्यासपीठावरून आणि हल्ली मोबाइलवरून किती सहज पुढे ढकलतो! झाड आहे ते. उजेडात अन्न तयार करताना ते प्राणवायू सोडते आणि रात्री आपल्यासारखाच प्राणवायू घेते. वड जसा, पिंपळ जसा, तशीच तुळस. देवाच्या सेवेला असत्याची फुले कशाला? तुळस पूज्य आहे ती भगवंताच्या प्रेमाने. तिच्या पूज्यतेला खोट्या विज्ञानाचा टेकू लागत नाही.

आता आजीच्या नातवाकडे वळू. ‘पोट उडत होते,’ असे ती म्हणाली. मायबापहो, हे शब्द काळजावर कोरून ठेवा. खोकला-ताप असलेले लेकरू भराभर श्वास घेऊ लागले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, पोट उडू लागले, ते दूध-पाणी घेईना, मलूल पडले, तर ती सर्दी राहिली नाही. तो न्यूमोनिया असू शकतो. तेथे तुळशीची जागा संपली आणि डॉक्टरची सुरू झाली. ओळखायचे कसे? लेकरू शांत असताना, रडत नसताना, घड्याळ लावून पुरते एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, की काढा बाजूला ठेवावा आणि लेकरू उचलावे. श्वास कमी भरले, पण खळगा पडतो आहे किंवा लेकरू पीत नाही, तरीही थांबू नये.

आमच्या अडाणी माणसांना हे कसे जमायचे, असे कोणी म्हणेल. त्याला गडचिरोलीचे उदाहरण देतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांत हेच काम गावच्या माणसांकडून आणि अक्षरओळख नसलेल्या सुईणींकडून करून घेतले. ज्यांना साठापर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी मण्यांची एक पाटी केली, सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मण्यांवरून दुखणे ओळखायचे आणि वेळेवर जंतूंवरचे औषध द्यायचे. न्यूमोनियाने मरणारी लेकरे त्यामुळे पुष्कळ कमी झाली. १९९० साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत आला.

मणी सरकवणे आम्हा वारकऱ्यांना नवे आहे काय? रोज जपाला बसतो, एकेक मणी मागे टाकतो. त्याच बोटांनी दुखणाईत लेकराचे श्वास मोजले, तर तोही जपच. आणि योग पाहा, माळेचे मणी १०८, आणि महाराष्ट्रात २०१४ पासून जी सरकारी रुग्णवाहिका फोनवर बोलावता येते तिचा नंबरही १०८! माळ हातात असलेल्याने हा आकडा विसरावा कसा? गावात आशाताई आहे, तालुक्यात आरोग्य केंद्रे आहेत, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. उसाच्या फडावर कोपी करून राहिलेल्या आईबापांनीही उचल नंतर फेडता येते, दिवसाची तोड बुडाली तर भरून निघते, हे ध्यानात धरावे. लेकरू परत तोडून आणता येत नाही. साप चावला तरी हेच सूत्र: पाला नको, रस नको, मंत्र नको, अंग हलू न देता थेट दवाखाना.

डॉक्टरकडे धावणे म्हणजे देवावरचा विश्वास उडणे, असे कोणाला वाटत असेल तर २०२० साल आठवावे. साथ आली तेव्हा आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका यांचा काढा सुचवला. घरोघर तो उकळला, आणि ते बरेच झाले. पण तो शरीराचे बळ राखण्यासाठी होता, साथीवरचा उतारा म्हणून नव्हे. त्याच वर्षी संतांच्या पादुका पायी न जाता एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. २०२१ सालीही तसेच झाले. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या माउल्या त्या दोन वर्षी घरी राहिल्या. वारी मोडली काय? नाही. माणसे वाचावीत म्हणून वारीने वाट बदलली. संतांच्या पादुका ज्या कारणाने गाडीत बसल्या, त्याच कारणाने आपले आजारी लेकरूही गाडीत बसवावे.

देवळातून निघालो तो आजीच्या घरी गेलो. ती अंगण सारवत होती. मी म्हणालो, “माउली, तुमची भक्ती तसूभरही कमी पडली नाही. तुमच्या हाताशी जे होते ते सगळे तुम्ही लेकरासाठी केले. कमी पडले ते आम्हा बोलणाऱ्यांचे बोलणे. तुळशीचे अर्धेच आम्ही सांगितले. कुठवर थांबायचे ते सांगितलेच नाही. दोष असेल तर तो माझ्या पदरात घाला.” आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग वृंदावनाकडे पाहत म्हणाली, “आता शेजारच्या सुनेचं लेकरू खोकतंय, महाराज. तिला सांगा की वो हे सगळं.” त्या दुपारी आम्ही दोघे तिच्या ओट्यावर बसलो आणि त्या लेकराचे श्वास मोजले. तीस भरले. खळगा नव्हता, लेकरू हसत-खेळत होते, पाणी पीत होते. आजीनेच तुळशीची पाने खुडली आणि काढा चुलीवर ठेवला. पण या खेपेला सुनेला बजावले, “रातच्याला पुन्यांदा मोज बरं.”

म्हणून वाचकहो, एवढेच मागणे आहे. सांजेचा दिवा लावता त्या वृंदावनाच्या भिंतीवर गेरूने १०८ हा आकडा लिहून ठेवा. पाने खुडताना हात जोडा, काढा करताना कंटाळू नका, आणि श्वास मोजायला विसरू नका. तुळशीची माळ गळ्यात आहे, तर तुळशीविषयी खरेच बोला.

॥ रामकृष्ण हरि ॥